लाकडाच्या रेषेने

फेरो बेटांवरच्या सहा गावांचा मी पाळक,
म्हणजे खरं तर एकाही गावाचा नाही.
वर्षातून सात-आठ रविवार
समुद्र मला इथे उतरू देतो.
उरलेले रविवार
हे लोक माझ्यावाचून देवाशी बोलतात
आणि कुणाचंच काही अडत नाही.

हे मी बिशपला कधी कळवलेलं नाही.
काळा झगा चढवला, गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर बांधली
की वाटू लागतं,
आपण आलो म्हणून घंटा वाजली.

घंटा तुम्मास वाजवतो.
तोच मेंढ्या राखतो, मासे वाळवतो, कबरी खणतो.
इथे हातभर मातीखाली कातळ.
कुठल्या कोपऱ्यात माणूस पुरता मावेल
हे फक्त त्याच्या कुदळीला ठाऊक.
मोबदला विचारा, तो गवताकडे बोट दाखवतो:
कबरस्तानातलं गवत त्याच्या मेंढ्यांचं.
एवढाच करार, तोही बापाच्या वेळचा, तोंडी.

हेरबोर्ग उपदेश वाचते.
शाळा बंद पडली, तेव्हा शिकवण्याचा चष्मा
ती चर्चमध्ये घेऊन आली. चोवीस वर्षं झाली.
छापील उपदेश, कुणा परक्याचे, पिवळे पडलेले.
एकदा मी माझे पाठवून पाहिले.
"चांगले आहेत," म्हणाली,
"पण वाचताना श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही."

एका जानेवारीत वाऱ्यापुढे उभं राहवेना.
कुणीच आलं नाही.
तिनं रिकाम्या बाकांना सगळं वाचून दाखवलं,
शेवटचं स्तोत्रही गायली, चारही कडवी.
का, मी विचारलं.
"शेगडी पेटवून झाली होती."

आणि मलान.
मलानविषयी उपदेशात सांगण्यासारखं काही नव्हतंच.
शनिवार, बादली, हिरवा साबण,
बिनरंगी पाइनच्या फळ्या,
एक्केचाळीस वर्षं.
छताला टांगलेलं लाकडी गलबत
ती शिडीवर चढून पुसायची.
बुडालेल्या भावाचं नाव त्यावर आहे, म्हणून का?
"धूळ बसते."
प्रभुभोजनाचं कापड इस्त्री करून आणायची
दोन्ही हातांवर आडवं,
झोपलेलं पोर आणावं तसं.
मी 'धन्यवाद' म्हणायचो,
जसं दाराला म्हणावं, उघडल्याबद्दल.

ती गेली तेव्हा नऊ दिवस बोट सुटली नाही.
फोनवर मी म्हणालो, थांबा.
तुम्मास म्हणाला, "ती थांबायची नाही."
त्यांनी गायलं, खांदे दिले, पुरलं.
हेरबोर्गनं वाचलं.
फक्त तीन वेळची माती माझ्यासाठी ठेवली;
तेवढा हक्क झग्याचा.

दहाव्या दिवशी
बुजवलेल्या कबरीपुढे मी उभा,
हातात तो इवलासा खोरा.
मातीला माती, म्हणालो,
आणि माती मातीवर पडली.
आवाजही झाला नाही.
माझ्या नोकरीचा हिशेब इतका चोख
आजवर कुणी मांडला नव्हता.

मग आत गेलो. वेदीपाशी पोचून वळलो तर
दारापासून इथवर माझ्या बुटांचा चिखल.
म्हणजे इतकी वर्षं
तो असाच उमटत होता.

बादली दारामागेच होती.
मी गुडघे टेकले.
याआधीही टेकले होते इथेच, उशीवर.
पण फळ्यांच्या सांध्यांतून समुद्राचा गारवा वर येतो,
तिसऱ्या बाकाच्या पोटाला
कुण्या कंटाळलेल्या पोरानं मेंढी कोरली आहे,
हे तेवढं खाली वाकल्याशिवाय दिसत नाही.

दारात तुम्मास, कधीचा, टोपी हातात घेऊन.
बराच वेळ नुसता बघत राहिला.
"आडवं नाही," म्हणाला शेवटी,
"लाकडाच्या रेषेने पुसा.
नाहीतर उन्हात ओरखडे दिसतात."
आणि बाहेर जाऊन
स्वच्छ पाणी घेऊन आला.